घरचा लाकडी मासा पाण्यात आडवा पडतोय, काय चुकतंय? (जिताड्यासाठी ल्यूर)

बगळा_रेवदंडा | २२ जून, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. थोडी लाज वाटतेय, पण सांगतो.

मी पुण्यात नोकरीला, गाव कुंडलिकेच्या खाडीवर. महिन्यातून एकदा गेलो की साळावच्या पुलाच्या वरच्या अंगाला तिवरांच्या कडेने गरवत, म्हणजे गळाने मासे धरत बसतो. पूर्वी जिवंत कोळंबी लावायचो, दोन वर्षांपासून ल्यूरचा नाद लागलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ल्यूर म्हणजे खोटा मासा. पोटाखाली आणि शेपटीला तीन तोंडांचे गळ, नाकाखाली पारदर्शक जीभ. चक्री फिरवली की जीभ पाणी कापते आणि मासा घायाळ बोयट माशासारखा अंग हलवत येतो. जिताडा (खाडीतला मोठा शिकारी मासा) त्याला भुकेने मारतो की रागाने, कोण जाणे. मारतो तेव्हा हात खांद्यापासून हलतो एवढं खरं.

अडचण पैशाची. बरा मासा पाचशे-सातशेच्या खाली येत नाही, आणि मागच्या हंगामात माझे सहा मासे कालवांच्या खडकांत आणि तिवरांच्या मुळांत राहिले. सहावा गेला त्या दिवशी ठरवलं, आता घरीच करायचा.

केला. शेजारी फर्निचरचं काम चालू होतं, तिथून सागाचा तुकडा आणला. करवत, कानस, पॉलिश पेपर. लांबी ११ सेंटीमीटर. जुन्या सीडीची जीभ. गळ अडकवायला आकड्याचे बारीक स्क्रू. बायकोचं नेलपॉलिश आणि वरून वॉर्निश. टेबलावर असा ऐटीत दिसत होता की आईने विचारलं, "केवढ्याला आणलास?"

पाण्यात टाकला तर आडवा. मेलेल्या माशासारखा कुशीवर. हळू ओढला तर कसाबसा येतो, जोरात ओढला की गिरक्या घेतो आणि तंगूसाला (नायलॉनच्या दोरीला) पीळ पडतो. दोन तासांत रंग मऊ होऊन बोटाला लागायला लागला. आणि एवढं असूनही एका जिताड्याने त्याला मारला! दोन सेकंद वजन लागलं, मग दोरी सैल. मासा परत आला तेव्हा शेपटीचा गळ स्क्रूसकट गायब, लाकडाला नुसतं भोक.

तर लाकूड कुठलं घ्यावं, तोल कसा साधावा, रंग कसा टिकवावा? अनुभवी लोकांनी बोला.

आळशी_ऊद | २२ जून, रात्री ९:५८

पाचशेचा मासा वाचवायला निघालास ना? आता ड्रिल घेशील, मग ड्रिलचा स्टँड, मग रंगाची पिचकारी. माझ्या हिशेबाने मला घरचा मासा नगाला अकराशे रुपयांना पडतो. शुभेच्छा.

मालवणी_बोया | २२ जून, रात्री १०:१५

रे बाबा, साग कित्याक घेतलंस? साग दरवाज्याक. तुझ्या माशाचा पोट हलक्या आसा, म्हणान तो आडवो पडता. पांगाऱ्याचा लाकूड बघ आणि पोटात शिसा घाल. आमचे आजे जाळ्याचे बोये पांगाऱ्याचेच करीत.

सुताराचा_नातू | २२ जून, रात्री ११:३०

बोयांनी चार ओळींत सगळं सांगितलंय, मी आता पाल्हाळ लावतो.

साग म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या दोन-तृतीयांश वजन. त्यावर दोन तिकाटणी गळ, कड्या, जीभ चढवली की तरंगायला जेमतेम ताकद उरते. पोटात शिसं घालायला वावच नाही, घातलंस तर मासा तळाला जाणार. हलक्या लाकडाचं उलट. लाकूड वर ओढतं, शिसं खाली ओढतं, आणि त्या ओढाताणीत मासा आपोआप उभा राहतो. ढकललं तरी उठून बसणारी बाहुली असते ना, तसं. पांगारा कोरायला इतका मऊ की सावंतवाडीची लाकडी फळं त्याची करत आले. सावरही चालते, फक्त तिला कीड लवकर लागते, म्हणून वाळवून लगेच काम उरकायचं.

आता खरी गोम. तू आधी मासा कोरलास आणि मग भोकं पाडलीस, बरोबर? सगळे तेच करतात. गोल झालेल्या लाकडाला सरळ भोक पाडणं माझ्या आजोबांनाही जमलं नसतं, आणि ते पाळण्याचे खांब हाताने करायचे. लाकूड चौकोनी ठोकळा असतानाच चारी अंगांना मधली रेघ मार. जिभेची खाच तेव्हाच काप, शिशाची भोकं तेव्हाच पाड, तारेची चीर तेव्हाच घे. मग बाजूने माशाचा आकार काप, मग वरून, आणि सगळ्यात शेवटी कडा मार. रेघ पुसली गेली की काम थांबवायचं आणि पुन्हा मारायची. तुझा मासा गिरक्या घेतो कारण जीभ तिरकी बसली असणार. केसभर तिरकी असली तर हळू ओढताना कळत नाही, वेगात लगेच कळतं.

स्क्रू विसर. एक मिलिमीटरची स्टेनलेसची तार, नाकापासून शेपटीपर्यंत एकच अखंड. पोटाकडून करवतीने उभी चीर पाडायची. तारेला तीन कड्या वळवायच्या, एक नाकाला, एक पोटाला, एक शेपटीला, आणि ती चिरेत बसवून वरून अ‍ॅराल्डाइट भरायचं. जिताड्याने लाकूड फोडलं तरी तो तारेला राहतो.

आळशी_ऊद | २२ जून, रात्री ११:३४

वा. ही यादी वाचून माझे अकराशेचे चौदाशे झाले.

बगळा_रेवदंडा | २३ जून, सकाळी ७:५०

नातूसाहेब, दंडवत. हो, आधी कोरला आणि मग भोकं पाडली. पण शिसं किती घालायचं ते कळायचं कसं? काही सूत्र?

बादलीबहाद्दर | २३ जून, सकाळी १०:२०

सूत्र नाही, बादली. लाकूड कोरून झालं, एक हात सीलर मारून वाळलं, की तार, जीभ, गळ सगळं तात्पुरतं चढव. पोटाला रबरबँड गुंडाळ आणि त्याखाली शिशाच्या पट्ट्या खोच. बादलीत सोड. पाठ पाण्याच्या बोटभर वर आणि पोट सरळ खाली आलं की झालं. बोटाने कुशीवर पाड. स्वतःहून उठला तर पास. मग पट्ट्या पुढे-मागे सरकवून बघ. वजन पुढे सरकवलं तर नाक खाली जातं आणि ओढायला लागलास की पटकन बुडी मारतो. मागे सरकवलं तर लांब फेकला जातो पण हलायला आळशी होतो. जागा पक्की झाली की तिथेच भोक.

आणि नळाच्या पाण्याच्या भरवशावर राहू नकोस. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. बादलीत तेवढं टाक. २० ग्रॅमच्या माशाला फरक अर्ध्या ग्रॅमचा पडतो. अर्धा ग्रॅम म्हणजे काय विशेष असं वाटेल, पण पाण्यात लटकून राहणारा मासा हवा असेल तर त्याच अर्ध्या ग्रॅमवर सगळं अडतं.

खारेपाटकर | २३ जून, सकाळी ११:०५

बहाद्दर, पावसात खाडी गोडी होते राव. जुलैत कुंडलिकेचं पाणी चाखून बघा. मीठ कशाला?

बादलीबहाद्दर | २३ जून, सकाळी ११:१२

मग जुलैत मीठ टाकू नका. 🙂

तुमची_ताई | २३ जून, दुपारी २:४०

मासे पकडत नाही, पण नेलपॉलिश वाचलं आणि थांबले. (ब्यूटी पार्लर आहे माझं.)

दादा, तुमच्या रंगाचं कारण सोपं आहे. साधं नेलपॉलिश थिनरमध्ये विरघळतं. तुम्ही वरून जे वॉर्निश मारलं त्यात थिनर असणार, त्याने खालचा रंग पुन्हा ओला केला, आणि पूर्ण वाळायच्या आत तुम्ही पाण्यात गेलात. वरच्या थराला थिनर नसलेलं काहीतरी हवं. दोन भागांचं पारदर्शक एपॉक्सी, किंवा आमच्या जेलसारखं निळ्या-जांभळ्या दिव्याखाली कडक होणारं रेझिन. माझा नखांचा दिवा छत्तीस वॉटचा आहे, पातळ थर दोन मिनिटांत दगड.

आणि सागाला तेल असतं म्हणतात ना? कुठलाही रंग तेलकट नखावर टिकत नाही. आधी पुसून घ्या.

डोळे कशाचे लावलेत?

बगळा_रेवदंडा | २३ जून, दुपारी ३:०५

ताई, तुम्ही या धाग्याच्या सरपंच. वॉर्निशमध्ये थिनर होतं, मीच ओतलं होतं, सरसर लागावं म्हणून.

डोळे काळ्या मार्करने काढलेत.

तुमची_ताई | २३ जून, दुपारी ३:०९

मार्कर! अहो टिकली लावा. खड्याची, चार मिलिमीटरची. पानभर वीस रुपयांना येतात आणि कमी उजेडातसुद्धा चमकतात.

गॅरेजमधला_गडी | २३ जून, संध्याकाळी ६:३०

शिसं विकत कशाला घेता? जुनी गाडीची बॅटरी फोडा, किलोकिलोने निघतं.

जाळंवाली | २३ जून, संध्याकाळी ७:१५

बॅटरी फोडू नका. कोणीच. आत गंधकाचं आम्ल असतं, आणि पट्ट्यांवरची शिशाची भुकटी हाताला, हातावरून कपड्यांना आणि कपड्यांवरून पोरांच्या तोंडात जाते.

आमच्या घरात जाळी विणायचा धंदा होता. बाबा जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या घरामागे स्वतः ओतायचे. शिसं ३२७ अंशांना वितळतं, चुलीवर सहज होतं, म्हणून लोकांना ते खेळ वाटतं. एका पावसाळ्यात साच्याच्या मातीत ओल राहिली होती. वितळलेलं शिसं आत पडलं, ओलीची एकदम वाफ झाली आणि साचा थुंकल्यासारखा सगळं बाहेर फेकून मोकळा. बाबांच्या डाव्या मनगटावर तांदळाएवढे सात डाग होते. लहानपणी मी ते मोजत झोपायचे. डोळा वाचला तो केवळ ते तेव्हा विडी पेटवायला मान वळवून बसले होते म्हणून.

ओतायचंच असेल तर प्लास्टरचा साचा खडखडीत वाळवा, वाळला असं वाटलं की आणखी दोन दिवस. उघड्यावर, बूट आणि चष्मा घालून. ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात आणायचं नाही. आणि मुळात एका माशाला चार-पाच ग्रॅम शिसं लागणार, त्यासाठी ओतायचं कशाला? बंदरावरच्या दुकानात जाळ्याची शिशी तयार मिळते. हातोडीने चपटी करा, भोकात बसवा, हात धुवा. संपलं.

गॅरेजमधला_गडी | २३ जून, संध्याकाळी ७:४०

ताई, माघार. टायरच्या दुकानात चाकाला लावायची जुनी वजनं असतात, ती मागून घेतो. नखाने ओरखडा उठला तर शिसं, नाही उठला तर लोखंड नाहीतर जस्त, एवढं मला कळतं.

थेम्सकाठचा | २३ जून, रात्री ११:५०

इकडे इंग्लंडात गरवायची लहान शिशाची वजनं १९८७ पासून बंद आहेत. हंस तळातले खडे समजून ती गिळायचे आणि विषबाधेने मरायचे. मी पोटात सायकलच्या बेअरिंगचे छर्रे घालतो. शिशापेक्षा हलके, म्हणून भोक जरा मोठं लागतं. पण एक छर्रा मोकळा ठेवला की खुळखुळा आपोआप तयार.

पुळणीवरचा_आजोबा | २४ जून, सकाळी ६:१०

सगळं वाचलं. माझं वय ७१. जिवंत कोळंबी ती जिवंत कोळंबी. खाडीचं पाणी चहासारखं, त्यात तुमची टिकली बघणार कोण?

खारेपाटकर | २४ जून, सकाळी ८:३०

आजोबा, उधाणाला खरं आहे तुमचं, चिखल ढवळून निघतो. पण भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा या. अष्टमी-नवमीच्या आसपास पाणी फारसं हलत नाही, गाळ खाली बसतो. तेव्हा हातभर खोलीवरचा मासा दिसतो. आणि जिताडा नुसता डोळ्याने शिकार करत नाही, अंगाच्या रेषेने पाण्यातली थरथर ओळखतो. म्हणून तर थेम्सकाठच्याचा खुळखुळा कामाचा.

पुळणीवरचा_आजोबा | २४ जून, सकाळी ८:४५

भांग आम्हाला शिकवू नये. पण मुद्दा मान्य.

शुद्ध_वरणभात | २४ जून, सकाळी ९:२०

म्हणजे सुतारकाम, ब्यूटी पार्लर, भौतिकशास्त्र आणि पंचांग एवढं सगळं करून शेवटी एक मासा? आमच्याकडे कुकरच्या तीन शिट्ट्यांत भागतं.

आळशी_ऊद | २४ जून, सकाळी ९:२२

एक मासा *मिळाला तर*.

तळ्याकाठी_तामपेरे | २४ जून, दुपारी १:००

फिनलंडमधून नमस्कार. ज्यांना वाटतंय की यासाठी मोठी हत्यारं लागतात त्यांच्यासाठी इथली गोष्ट. रापाला ही कंपनी ऐकली असेल, जगभर ज्यांचे मासे विकले जातात. त्यांचा मूळ पुरुष लाउरी रापाला, गरीब मासेमार. १९३६ मध्ये त्याने पहिला मासा केला तो बुचाचा, चांभाराच्या सुरीने कोरून. चकाकी यावी म्हणून चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला आणि पाणी आत शिरू नये म्हणून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर दिला. त्याने पाहिलं होतं की मोठा मासा थव्यातला नेमका लंगडा मासा उचलतो. सगळी मेहनत ते लंगडेपण साधायला.

जाता जाता: इथे साधी काठी-दोरी-गळ घेऊन बसलात तर कोणी पैसे मागत नाही. चक्री लावून ल्यूर ओढायचा तर सरकारी शुल्क भरावं लागतं. लंगडेपणावर कर!

हवाई_चप्पल | २४ जून, दुपारी ४:४५

लाकूडच का पण? मी तुटलेल्या हवाई चपलेच्या टाचेचा मासा करतो. पितळी नळीचं टोक धार करून घेतलंय. ती फिरवत दाबली की रबराची गोल कांडी निघते. पुढचं तोंड वाटीसारखं खोलगट कापायचं, आरपार तार, मागे एक गळ. झटके देत ओढलं की पाण्यावर "पॉक पॉक" वाजतं. रंग नाही, सीलर नाही, तोल नाही, बुडायची भीती नाही. दातांनी फाटला तर दुसरी चप्पल आहेच.

आजवर सगळ्यात जास्त तांबोशी मासे निळ्या चपलेवर. पांढरीला विचारत नाहीत.

शुद्ध_वरणभात | २४ जून, दुपारी ४:५०

देवळाबाहेर चपला कुठे जातात ते आज कळलं.

मिऱ्याबंदर_बांगडा | २५ जून, सकाळी ७:००

बांगड्यासाठी तर एवढंही नको. एका दोरीला सहा बारीक गळ, प्रत्येकाला वेफर्सच्या पाकिटाची आतली चंदेरी पट्टी नाहीतर गोणीचे चार धागे उसवून बांधायचे. खाली वजन. धक्क्यावरून वर-खाली. थवा लागला तर सहाच्या सहा. चिकनच्या दुकानातून कोंबड्याच्या मानेवरची पिसं मागून आणतो, ती पाण्यात सुंदर हलतात. कोणी तरी मागे हरणाच्या शेपटीचे केस विचारत होतं. तसलं काही घरात ठेवू नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे.

गोदाकाठचा_मरळ | २५ जून, रात्री ९:३०

खाडीवाल्यांनी धागा बळकावलाय, आम्ही गोड्या पाण्यातल्यांनी काय करायचं? आमच्याकडे मरळ. पानं, शेवाळ, बेशरमाची झुडपं, तिथे तीन तोंडांचा गळ टाकला की गवत काढत बसा. मी चप्पलवाल्यांच्याच रबराचा बेडूक करतो, दोन तोंडांचा गळ पाठीला चिकटून वर बघणारा. मरळ चावला की रबर दबतं आणि गळ उघडा पडतो. पाय म्हणून रबरी झालरीच्या पट्ट्या. पावसाळ्यात तळ्याच्या कडेला लाल-केशरी पिलांचा घोळका दिसला की त्याच्या मधोमध टाकायचा, आई-बाप दोघंही धावून येतात.

जाळंवाली | २५ जून, रात्री १०:०५

हे शेवटचं वाक्य बरं नाही वाटलं. ते दोघं भुकेने येत नाहीत, पिलं राखायला येतात. ते उचलले की तासाभरात बाकीचे मासे घोळका साफ करतात. पुढच्या वर्षी तळ्यात मरळ राहिला नाही म्हणून रडणारेही आपणच.

गोदाकाठचा_मरळ | २५ जून, रात्री १०:४०

आमच्या तळ्यात जाळंवाले बारीक आसाची जाळी लावून बोटाएवढी पिल्लंही नेतात, त्याचं काय? माझ्या एका बेडकाने काय होणार?

जाळंवाली | २५ जून, रात्री १०:५२

त्यांचंही चूकच आहे. ते माझे नातेवाईक असतील तर दोनदा चूक.

संपादक | २५ जून, रात्री ११:१५

मरळ आणि पिलं हा विषय महत्त्वाचा आहे, वेगळा धागा काढावा. तलाव बहुधा मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, तिथे गरवण्याआधी विचारून घ्यावं, हेही त्यात यावं. इथे लाकडी माशाकडे वळूया.

एसटीतला_प्रवासी | २८ जून, सकाळी १०:३०

लाकडी मासा म्हणून सांगतो. नवा केलेला मासा दाखवायला म्हणून शर्टाच्या खिशात ठेवून एसटीत चढलो. गर्दी. पेणच्या पुढे उतरायची वेळ आली तेव्हा कळलं की शेपटीचा गळ शेजारच्या काकूंच्या पदरात आणि पोटाचा माझ्या खिशात. आम्ही दोघं जोडीने उतरलो. काकूंना जायचं होतं महाडला.

तेव्हापासून गळांच्या टोकांना बुचाचे तुकडे, आणि प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट. मासा सोडायचा असला तर सोपं जातं, काकू असल्या तरी.

बगळा_रेवदंडा | १३ जुलै, रात्री १०:००

अहवाल देतो.

पांगारा गावीच मिळाला, वईवरचा (कुंपणाचा), मागच्या वर्षी तोडून पडलेला. हातात घेतला तर थर्मोकोल उचलल्यासारखं. ठोकळ्यावर चारी बाजूंनी रेघा, मग खाच, मग भोकं, नातूसाहेबांच्या हुकमाप्रमाणे. सीडीचा चित्राचा थर चिकटपट्टीने उपटला आणि कढत पाण्यात धरून कापली. गार कापली तेव्हा दोन तडकल्या होत्या. बादलीत साडेचार ग्रॅमवर मासा उभा राहिला. बोटाने पाडला, उठला. पुन्हा पाडला, पुन्हा उठला. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "जेवायला वाढू की तो झोपेपर्यंत थांबू?"

अडलंय ते शेवटच्या थरावर. एपॉक्सी लावून मासा टांगला की सगळं ओघळून शेपटीला थेंब जमतो. आणि थर पांढुरका, धुकट दिसतोय.

सुताराचा_नातू | १३ जुलै, रात्री १०:२५

धुकट होतं ते पावसाळी हवेने. खोक्यात एक साधा पिवळा बल्ब लावून तास-दोन तास हवा कोरडी कर, मग त्यातच ठेव. ओघळण्यावर उपाय एकच, वाळेपर्यंत सावकाश फिरवत ठेवणं. रात्रभर हाताने फिरवणार नसशील तर मोटर हवी, मिनिटाला पाच-दहा फेऱ्यांची.

हवाई_चप्पल | १३ जुलै, रात्री १०:३१

मखरात गणपतीच्या मागे फिरणारं चक्र असतं ना, त्याची मोटर. माळ्यावर असेल.

शुद्ध_वरणभात | १३ जुलै, रात्री १०:३३

बाप्पाच्या मोटरवर मासे वाळवणार?!

खारेपाटकर | १३ जुलै, रात्री १०:४१

लाकडाचा आहे हो. पांगारा शाकाहारी असतो.

बगळा_रेवदंडा | १४ जुलै, सकाळी ८:१०

मोटर सापडली. आईची परवानगी मिळाली, अट एक: चतुर्थीच्या आधी पुसून परत. रात्रभर फिरला. सकाळी थर असा बसलाय की नख घासलं तर आवाज येतो. टिकलीही वरून बंद झाली. ताई, हिरव्या खड्याची घेतली.

बादलीबहाद्दर | १४ जुलै, सकाळी ८:५०

पाण्यात ओढताना एका बाजूला पळाला तर घाबरू नको. मासा डावीकडे जात असेल तर त्याचं नाक आपल्याकडे धरून नाकाची कडी पकडीने किंचित उजवीकडे वाकव. किंचित म्हणजे कागदाएवढी. पुन्हा ओढून बघ. आणि पुढच्या माशाला जीभ थोडी जास्त आडवी, अंगाच्या रेषेत बसव, म्हणजे खोल जाईल. ही उभी आहे, वरच्यावर चालेल.

खारेपाटकर | १४ जुलै, सकाळी ९:३०

दोरीच्या पुढे हातभर जाड तंगूस लाव, चाळीस-पन्नास पौंडी. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण ब्लेडसारखं असतं. तुझी तार टिकेल, लाकूड टिकेल, आणि दोरी तुटेल.

बगळा_रेवदंडा | १७ ऑगस्ट, रात्री ११:२०

उशिरा लिहितोय. आधी नारळी पौर्णिमेला गेलो. लाल पाणी, उधाण, केळीचे खुंट वाहत होते. मासा सुरेख चालत होता पण आजोबांचंच खरं, बघणार कोण. दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक चप्पल मिळाली (पांढरी).

मग गोकुळाष्टमीला पुन्हा. तीन दिवस पावसाने उघडीप दिली होती, भांगाचं पाणी जागच्या जागी. मासा पहिल्यांदा उजवीकडे पळाला, कडी वाकवली, सरळ आला. ओहोटी संपता संपता तिवरांच्या मुळाशी टाकला आणि तांबोशीने घेतला. सव्वा किलो. तारेला काही झालं नाही, लाकडावर दातांच्या चार खुणा.

त्याच जोशात पुन्हा तिथेच टाकला. मासा हातभर आला असेल, पाणी आतून उकळल्यासारखं फुगलं आणि जिताडा पूर्ण बाहेर आला. डोकं झाडत. हिरवी टिकली मला त्याच्या ओठाच्या कडेला स्वच्छ दिसली. चक्री ओरडत होती. मग टक्. सैल.

खारेपाटकर, जाड तंगूस पिशवीतच होता. तांबोशीच्या वेळी घासला म्हणून काढला आणि नवा बांधायचा कंटाळा केला.

खारेपाटकर | १७ ऑगस्ट, रात्री ११:२६

मी काही बोलत नाही.

आळशी_ऊद | १७ ऑगस्ट, रात्री ११:३१

हिशेब मांडायचा का?

पुळणीवरचा_आजोबा | १८ ऑगस्ट, सकाळी ५:५५

उलटा काटा सपाट केला होतास ना? मग तो स्वतःच झटकून टाकेल. लाकूड हलकं आहे, भरतीला वर कुठेतरी लागेल. चौलच्या बाजूने मी रोज फिरतो, लक्ष ठेवीन.

तुमची_ताई | १८ ऑगस्ट, सकाळी ९:४०

एवढं झाडूनही टिकली निघाली नाही?

बगळा_रेवदंडा | १८ ऑगस्ट, सकाळी ९:५२

शेवटचं पाहिलं तेव्हा जागेवर होती, ताई. दुसऱ्या माशाचा ठोकळा रेघा मारून ठेवलाय. मोटर परत करायला नऊ दिवस आहेत.